किमोथेरपीनंतर काखेतील लसिकाग्रंथींची शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्तनाच्या कर्करोगासाठी आधी किमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया असा उपचारांचा क्रम ज्यांना सांगितला गेला आहे, त्या स्त्रियांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. स्तन काढायचा की राखायचा याची चर्चा घरात होते, काखेत काय करायचे याची मात्र पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसापर्यंत होत नाही. हे योग्य नाही असे मला वाटते, कारण हाताला वर्षानुवर्षे जाणवणारा त्रास बहुतेक वेळा काखेतल्या शस्त्रक्रियेतून येतो, आणि त्या निर्णयाला लागणारी माहिती किमोचा पहिला डोस देण्याआधीच गोळा करावी लागते.

आईचा कर्करोग ‘पुढे गेलेला’ आहे असे डॉक्टर म्हणाले. याचा नेमका अर्थ काय?

हा शब्द दोन अगदी वेगळ्या अवस्थांसाठी वापरला जातो, त्यामुळे आपल्या बाबतीत कोणती अवस्था आहे हे प्रथम विचारून घ्यावे. पहिल्या अवस्थेत स्तनातील गाठ मोठी असते, त्वचेपर्यंत किंवा छातीच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली असते किंवा काखेतल्या ग्रंथींमध्ये आजार बराच पसरलेला असतो, परंतु फुप्फुसे, यकृत, हाडे अशा दूरच्या अवयवांत तो गेलेला नसतो. ही साधारणपणे तिसरी स्टेज. येथे उपचारांचा हेतू आजार पूर्ण बरा करण्याचा असतो. दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे चौथ्या स्टेजमध्ये, आजार दूरच्या अवयवांत पोहोचलेला असतो आणि मुख्य भिस्त औषधांवर असते.

चौथ्या स्टेजमध्ये काखेतल्या ग्रंथी काढून आयुष्य वाढते का, याचे उत्तर शोधण्यात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. तेथे २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांवर चाचणी झाली. किमोला प्रतिसाद दिलेल्या या स्त्रियांपैकी एका गटाच्या स्तनावर आणि काखेवर शस्त्रक्रिया व रेडिएशन असे उपचार केले गेले, दुसऱ्या गटाला ते दिले गेले नाहीत. पहिल्या गटाचा मध्यक जीवनकाळ (निम्म्या स्त्रिया ज्याहून अधिक जगल्या तो काळ) १९.२ महिने, तर दुसऱ्याचा २०.५ महिने होता. म्हणजे शस्त्रक्रियेने आयुष्य वाढले नाही. म्हणून चौथ्या स्टेजमध्ये जखम, रक्तस्राव किंवा वेदना असे काही कारण असल्याशिवाय काखेची शस्त्रक्रिया सरसकट सुचवली जात नाही. या पुढची सर्व उत्तरे पहिल्या अवस्थेतील, म्हणजे दूर न पसरलेल्या आजाराबद्दल आहेत.

काखेतल्या लसिकाग्रंथी मुळात का काढतात? त्या काढल्याने आयुष्य वाढते का?

स्तनातून निघणारा लसिकाद्रव, म्हणजे पेशींच्या अवतीभवतीचा पातळ द्रव, बहुतांशी काखेतल्या ग्रंथींकडे जातो, आणि कर्करोगाच्या पेशी या वाटेने निघाल्या तर पहिला मुक्काम बहुधा तेथेच करतात. या ग्रंथींच्या तीन पातळ्या मानल्या जातात. छातीच्या लहान स्नायूच्या बाहेरच्या बाजूला पहिली, त्याच्या मागे दुसरी आणि त्याच्या आतल्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाकडे, तिसरी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. जितके जास्त काढू तितकी बाई जास्त जगेल, हा विचार त्यानंतर अनेक दशके टिकला. १९७१ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘एनएसएबीपी बी-०४’ या चाचणीने त्याची परीक्षा घेतली. काखेत गाठ हाताला न लागणाऱ्या स्त्रियांपैकी काहींच्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या, काहींना रेडिएशन दिले आणि काहींची काख तशीच ठेवून गाठ उमटली तरच शस्त्रक्रिया केली. २५ वर्षांनंतरही तिन्ही गटांच्या आयुर्मानात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याहून बोलकी गोष्ट अशी की, ज्यांच्या ग्रंथी काढून तपासल्या त्यांच्यापैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांच्या ग्रंथींत आजार होता, पण काख तशीच ठेवलेल्या गटात पुढे काखेत आजार उमटला तो केवळ १८.५ टक्के स्त्रियांत.

ही चाचणी काखेत आजार उघड दिसणाऱ्या आणि किमो घेतलेल्या स्त्रियांची नव्हती, त्यामुळे तिचा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावता येत नाही. तरीही तिने सर्जनांची दृष्टी बदलली. आज काखेची शस्त्रक्रिया करण्याची कारणे दोन आहेत. उरलेला आजार काखेत पुन्हा वाढू नये हे एक. आणि किमोचा परिणाम किती झाला ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पुढची औषधे व रेडिएशन ठरवता यावे हे दुसरे. हे दुसरे कारण घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही, पण अलीकडच्या काळात तेच अधिकाधिक महत्त्वाचे ठरत आहे.

किमोनंतर काखेतली गाठ हाताला लागत नाही, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. मग शस्त्रक्रिया कशासाठी?

कारण हाताला न लागणे, सोनोग्राफीत न दिसणे आणि खरोखर आजार न उरणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. किमोने गाठ आकसते, पण ग्रंथीच्या कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटरचा आजार शिल्लक राहू शकतो. इतका लहान अवशेष सोनोग्राफी किंवा पेट-सीटी यांपैकी कोणतीही तपासणी खात्रीने पकडू शकत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. किमोपूर्वी काखेत आजार असल्याचे सुईच्या तपासणीत सिद्ध झालेल्या पुष्कळ स्त्रियांच्या ग्रंथी किमोनंतर पूर्णपणे निवळलेल्या आढळतात. २००९ ते २०११ या काळात रुग्ण घेतलेल्या ‘झेड १०७१’ या अमेरिकी चाचणीत सुमारे ४१ टक्के स्त्रियांच्या काखेत किमोनंतर आजाराचा मागमूस उरला नव्हता. हे प्रमाण कर्करोगाच्या प्रकारानुसार बरेच बदलते. त्याच चाचणीत हर-टू पॉझिटिव्ह आजारात (पेशींवर हर-टू हे प्रथिन जास्त असते) ते सुमारे ६५ टक्के, ट्रिपल निगेटिव्ह आजारात (हर-टू जास्त नसते आणि हार्मोन रिसेप्टरही नसतात) सुमारे ४९ टक्के, आणि हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या) पण हर-टू निगेटिव्ह आजारात केवळ २१ टक्के होते. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टमधील ईआर, पीआर (हे दोन हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू ही तीन नावे केवळ औषधे ठरवण्यासाठी नसतात, काखेची शस्त्रक्रिया लहान होण्याची शक्यता किती आहे याचा अंदाजही त्यांवरून येतो.

ज्या स्त्रीच्या काखेत आता काहीच उरलेले नाही, तिच्या सगळ्या ग्रंथी काढल्या तर तिला तोटाच होतो. जिच्या काखेत आजार उरला आहे, तिची शस्त्रक्रिया अपुरी राहिली तर तिचे नुकसान होते. बाहेरून पाहून या दोघींतला फरक ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे आणि पुढचे सर्व पर्याय तीच सोडवण्यासाठी शोधले गेले आहेत.

शस्त्रक्रियेचे पर्याय कोणकोणते आहेत?

संपूर्ण शस्त्रक्रियेत काखेच्या पहिल्या आणि दुसऱ्या पातळीतील चरबी ग्रंथींसह काढली जाते. तिसऱ्या पातळीत आजार दिसला तर तीही. शरीररचनेनुसार दहा, पंधरा, वीस किंवा त्याहून जास्त ग्रंथी निघतात.

प्रहरी ग्रंथींच्या तपासणीत स्तनातून येणारा द्रव ज्या ग्रंथींत सर्वांत आधी पोहोचतो, तेवढ्याच शोधून काढतात. त्यासाठी स्तनात निळा रंग, किरणोत्सर्गी टेक्नेशियम किंवा इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारे द्रव्य टोचतात. निळ्या रंगामुळे एक-दोन दिवस लघवी हिरवट-निळी होते आणि स्तनाच्या त्वचेवर डाग काही काळ राहतो, हे आधी माहीत नसल्याने घरचे विनाकारण घाबरतात.

तिसरा पर्याय लक्ष्यित शस्त्रक्रियेचा. यात किमोपूर्वी आजार सिद्ध झालेल्या ग्रंथीत धातूची बारीक क्लिप किंवा कार्बनची शाई घालून खूण केलेली असते, आणि किमोनंतर प्रहरी ग्रंथींबरोबर ही खुणेची ग्रंथीही काढली जाते.

चौथा पर्याय टाटा मेमोरियलने अभ्यासलेला आहे. त्यात काखेच्या खालच्या भागातील, म्हणजे बरगड्यांतून दंडाकडे जाणाऱ्या, संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या खालची चरबी ग्रंथींसह काढतात. या पद्धतीला किरणोत्सर्गी द्रव्याची किंवा महागड्या उपकरणाची गरज लागत नाही. किमोनंतरच्या काखेत ही पद्धत आणि प्रहरी ग्रंथींची तपासणी यांची तुलना करणारा तेथील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात आजार नजरेतून निसटण्याचे प्रमाण या पद्धतीत कमी आढळले. जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे न्यूक्लिअर मेडिसिन (किरणोत्सर्गी द्रव्ये वापरून तपासणी करणारा) विभाग नाही, तेथे या पद्धतीचे मोल विशेष आहे असे मला वाटते.

किमोनंतर प्रहरी ग्रंथींची तपासणी कितपत भरवशाची असते?

या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण निर्णयाचा बराच भार यावर आहे. भरवसा मोजण्याचे माप असे : ज्यांच्या काखेत खरोखर आजार उरला आहे अशा शंभर स्त्रिया घेतल्या, तर त्यांपैकी किती जणींना ही तपासणी ‘आजार नाही’ असा खोटा दिलासा देते? हे प्रमाण दहाच्या आत असावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

‘झेड १०७१’ चाचणीत निदान दोन प्रहरी ग्रंथी काढलेल्या स्त्रियांत हे प्रमाण १२.६ टक्के आले, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेपेक्षा थोडे जास्त. पण बारकाईने पाहिल्यावर तपासणी कशी केली यावर सारे अवलंबून असल्याचे दिसले. निळा रंग आणि किरणोत्सर्गी द्रव्य दोन्ही वापरले तर खोटा दिलासा १०.८ टक्के, एकच वापरले तर सुमारे २० टक्के. तीन किंवा अधिक ग्रंथी काढल्या तर ९.१ टक्के, दोनच काढल्या तर सुमारे २१ टक्के. जर्मनी आणि ऑस्ट्रियात झालेल्या ‘सेंटिना’ चाचणीत एकच ग्रंथी मिळालेल्या स्त्रियांत ते २४ टक्क्यांपर्यंत गेले होते. यामागचे कारण समजण्यासारखे आहे : किमोने आजार विरघळताना लसिकावाहिन्यांत व्रण राहतात, द्रवाची वाट बदलते, आणि रंग ज्या ग्रंथीत पोहोचतो ती आजाराची मूळ ग्रंथी असेलच असे नाही.

किमोपूर्वी खूण केलेली ग्रंथी इथेच कामी येते. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन केंद्राच्या २०१६ मधील अभ्यासात, खुणेची ग्रंथी आणि प्रहरी ग्रंथी दोन्ही काढल्या तेव्हा खोटा दिलासा दोन टक्क्यांवर आला. त्याच अभ्यासात सुमारे २३ टक्के स्त्रियांत खुणेची ग्रंथी ही प्रहरी ग्रंथी म्हणून सापडलीच नव्हती. म्हणजे केवळ रंगावर विसंबले असते तर ती आतच राहिली असती.

टक्केवारी वाचून मनात भीती बसते, म्हणून प्रत्यक्षात पुढे काय झाले तेही सांगणे योग्य ठरेल. किमोनंतर ग्रंथी निवळलेल्या आणि म्हणून संपूर्ण शस्त्रक्रिया टाळलेल्या ११४४ स्त्रियांचा अनेक देशांतील केंद्रांनी मिळून केलेला आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत काखेत आजार परत आलेल्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक टक्का होते. प्रहरी ग्रंथी काढलेल्या आणि लक्ष्यित शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत याबाबत लक्षणीय फरक नव्हता. यातील बहुतेक स्त्रियांना रेडिएशनही मिळाले होते, हे लक्षात ठेवावे.

आमच्या बाबतीत किमोपूर्वी खूण केलीच नव्हती. आता लहान शस्त्रक्रियेची वाट बंद झाली का?

बंद झाली असे नाही. दोन द्रव्ये वापरून निदान तीन प्रहरी ग्रंथी मिळाल्या आणि त्या तिन्ही निवळलेल्या असल्या, तर अनेक केंद्रे तेवढ्यावर थांबतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्राने याच निकषांवर २३४ स्त्रियांची संपूर्ण शस्त्रक्रिया टाळली, आणि ४० महिन्यांच्या मध्यक कालावधीत त्यांच्यापैकी केवळ एकीच्या ग्रंथींत आजार परतला. तिने रेडिएशन नाकारले होते. आपल्याकडे खालच्या काखेची चरबी काढून तपासण्याचा पर्यायही विचारता येतो. मात्र ज्यांची किमो अद्याप सुरू व्हायची आहे, त्यांनी हा प्रश्न आजच डॉक्टरांपुढे काढावा. किमो पूर्ण झाल्यावर निवळलेली ग्रंथी सोनोग्राफीत इतर ग्रंथींसारखीच दिसते आणि नेमकी कोणती हे कोणालाच सांगता येत नाही.

संपूर्ण शस्त्रक्रियाच करावी लागेल, असे कोणाच्या बाबतीत सांगतात?

किमोनंतरही काखेत गाठ हाताला लागत असेल किंवा सुईच्या तपासणीत आजार सिद्ध होत असेल, तर संपूर्ण शस्त्रक्रिया हाच प्रस्थापित मार्ग आहे. स्तन लाल, गरम आणि संत्र्याच्या सालीसारखा होणाऱ्या दाहक कर्करोगात किमोने कितीही सुधारणा झाली तरी संपूर्ण शस्त्रक्रियाच सुचवली जाते, कारण तेथे त्वचेतील लसिकावाहिन्याच आजाराने भरलेल्या असतात आणि रंग योग्य ग्रंथीपर्यंत पोहोचेल याचा भरवसा नसतो.

सर्वांत अवघड गट मधला आहे. किमोपूर्वी ज्यांच्या ग्रंथी एकमेकींना चिकटलेल्या होत्या, किंवा आजार तिसऱ्या पातळीत अथवा गळपट्टीच्या हाडाच्या वर पोहोचला होता, पण किमोनंतर सारे निवळल्यासारखे दिसते, त्यांचे काय? ज्या चाचण्यांच्या आधारावर लहान शस्त्रक्रिया स्वीकारली गेली, त्यांत प्रामुख्याने सुट्या, हलणाऱ्या ग्रंथी असलेल्या स्त्रिया होत्या; चिकटलेल्या ग्रंथींच्या स्त्रिया फार थोड्या होत्या. त्यामुळे या गटात बहुतेक सर्जन संपूर्ण शस्त्रक्रियेकडे झुकतात. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह आजार असेल आणि प्रतिसाद उत्तम असेल, तर काही केंद्रे लहान शस्त्रक्रियेचा विचार करतात. दोन चांगल्या डॉक्टरांची मते येथे वेगळी निघाली, तर त्यात एकाची चूक आहे असे समजू नये.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी : किमोनंतरची स्थिती जितकी महत्त्वाची, तितकीच किमोपूर्वीची. किमोपूर्वीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, काखेतील सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आणि पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी केलेली नोंद ही कागदपत्रे फाईलमधून गहाळ होऊ देऊ नयेत, विशेषतः किमो गावाजवळ आणि शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा नागपूरला करायची असेल तेव्हा.

माझ्या जाऊबाईंच्या दोन ग्रंथींत आजार होता, तरी त्यांची काख काढली नाही. मला मात्र एकाच ग्रंथीसाठी सगळी काढावी लागेल असे सांगतात. हा फरक का?

बहुधा त्यांची शस्त्रक्रिया आधी झाली आणि औषधे नंतर सुरू झाली. ‘झेड ००११’ या चाचणीमुळे, शस्त्रक्रिया आधी होणाऱ्या, लहान गाठीच्या आणि स्तन राखलेल्या स्त्रियांमध्ये एक-दोन प्रहरी ग्रंथींत आजार असला तरी पुढची शस्त्रक्रिया टाळता येते हे सिद्ध झाले. त्यांच्या काखेतल्या त्या पेशींनी अजून कोणत्याही औषधाला तोंड दिलेले नव्हते. किमोनंतर ग्रंथीत उरलेल्या पेशी मात्र औषधाला पुरून उरलेल्या असतात. म्हणून किमोनंतर सापडलेला अगदी दोन मिलिमीटरपेक्षा लहान अवशेषही उरलेला आजार म्हणूनच मोजला जातो, आणि अशा वेळी इतर ग्रंथींतही आजार असण्याची शक्यता बऱ्यापैकी असते. सुट्या-सुट्या मोजक्याच पेशी सापडल्या, तर संपूर्ण शस्त्रक्रिया टाळता येईल का यावर अलीकडे अनुकूल निरीक्षणे येत आहेत, पण तो निर्णय प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्रपणे घेतला जातो.

रेडिएशन देणारच असतील तर ग्रंथी काढायच्या कशाला?

हा अतिशय योग्य प्रश्न आहे. आधी शस्त्रक्रिया होणाऱ्या स्त्रियांत ‘अमारोस’ या युरोपीय चाचणीने काखेची शस्त्रक्रिया आणि काखेचे रेडिएशन यांची तुलना केली. काखेत आजार परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे कमी राहिले. पाच वर्षांनंतर हाताच्या सुजेची लक्षणे शस्त्रक्रियेच्या गटात २३ टक्के, तर रेडिएशनच्या गटात ११ टक्के स्त्रियांत आढळली. किमोनंतर प्रहरी ग्रंथीत आजार उरलेल्या स्त्रियांना हाच पर्याय देता येईल का, हे तपासण्यासाठी अमेरिकेत ‘अलायन्स ए०११२०२’ ही चाचणी हाती घेतली गेली. दरम्यान, अशा स्त्रियांसाठी संपूर्ण शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही देण्याची पद्धत रूढ आहे.

ज्यांच्या ग्रंथी पूर्ण निवळल्या त्यांच्यासाठी ‘बी-५१’ या चाचणीने वेगळा प्रश्न विचारला : त्यांना ग्रंथींच्या भागावर रेडिएशन हवेच का? पाच वर्षांनंतर आजार परत न आलेल्यांचे प्रमाण रेडिएशन न दिलेल्या गटात ९१.८ टक्के आणि दिलेल्या गटात ९२.७ टक्के निघाले. हा फरक लक्षणीय नव्हता. परंतु या चाचणीत सुट्या ग्रंथींच्या स्त्रिया होत्या. गाठ त्वचेत शिरलेल्या किंवा ग्रंथी चिकटलेल्या स्त्रियांनी या आकड्यांच्या आधारे रेडिएशन नाकारू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

ग्रंथींचा अहवाल पुढची औषधे कशी बदलतो?

ग्रंथीत किंवा स्तनात आजार उरला असेल, तर हर-टू पॉझिटिव्ह आजारात ट्रास्टुझुमॅब एमटान्सिन आणि ट्रिपल निगेटिव्ह आजारात कॅपेसिटाबिन यांसारखी जादा औषधे दिल्याने फायदा होतो, हे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा अहवाल पुढच्या उपचारांची दिशा ठरवतो. काखेला हातच न लावण्याचा पर्याय या रुग्णांना आज दिला जात नाही, त्याचे हेही एक कारण आहे.

हाताला सूज येतेच का?

येतेच असे नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात संपूर्ण शस्त्रक्रियेनंतर सुमारे पाचातील एका स्त्रीला, तर फक्त प्रहरी ग्रंथी काढल्यावर सुमारे अठरातील एकीला सूज आढळली. काखेच्या शस्त्रक्रियेबरोबर ग्रंथींच्या भागावर रेडिएशनही असेल तर धोका वाढतो. वजन जास्त असेल तरीही. सूज शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी येऊ शकते, तशी काही वर्षांनीही. बांगडी किंवा अंगठी अचानक घट्ट होणे, ब्लाऊजची बाही एकाच हाताला काचणे, हात जड वाटणे ही सुरुवातीची लक्षणे आहेत. या टप्प्यावर दाब देणारी बाही, विशेष मालीश आणि व्यायाम यांचा उपयोग होतो. महिनोन्महिने वाट पाहिली तर सूज घट्ट होऊन बसते.

सुजेखेरीज दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा येतो, आणि तो काही स्त्रियांत कायम राहतो. खांदा आखडतो. काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या दोरीसारखे काही जाणवते. ते व्यायामाने बहुधा सुटते. संपूर्ण शस्त्रक्रियेनंतर नळी ठेवलेली असते आणि रोजचे पाणी साधारण ३० मिलिलिटरच्या खाली आले की ती काढतात. नळी काढल्यावरही पाणी साठू शकते; ते सुईने काढता येते.

त्या हाताने कधीच काही उचलायचे नाही, हा सल्ला आता मागे पडला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत, आधीच सूज असलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत व्यायाम केला, तेव्हा त्यांची सूज वाढली नाही. त्या हातावर रक्तदाब मोजणे किंवा सुई टोचणे शक्य असेल तर टाळावे, पण तातडीच्या वेळी त्यासाठी उपचार थांबवू नयेत. जंतुसंसर्ग मात्र खरोखर टाळावा. कापूस वेचणे, भात लावणे, विळीवर चिरणे, धुणी-भांडी करणे ही कामे ज्यांना सोडता येणार नाहीत त्यांनी हातमोजे घालावेत, जखम झाली तर लगेच धुवावी, आणि हात लाल व गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किमो संपल्यावर शस्त्रक्रिया किती दिवसांत करावी? खर्चाचे काय?

रक्तातील पेशी सावरल्यावर, साधारण तीन ते आठ आठवड्यांत. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून आणि गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून कर्करोगाच्या शस्त्रक्रियांना मदत मिळते. महाराष्ट्रात रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, मंजुरीची चौकशी किमो चालू असतानाच करावी, म्हणजे किमोनंतरचे आठवडे कागदपत्रांत जाणार नाहीत. ग्रंथीत घालायची क्लिप योजनेत बसते का हेही विचारावे; कार्बनची शाई तुलनेने बरीच स्वस्त असते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संमतिपत्रावर सही घेतात. त्यात काय पाहावे?

प्रहरी किंवा खुणेच्या ग्रंथी काढल्यावर अनेक रुग्णालयांत रुग्ण भुलीखाली असतानाच त्यांची तातडीची तपासणी करतात आणि आजार सापडला तर त्याच वेळी संपूर्ण शस्त्रक्रिया करतात. यामुळे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. परंतु याचा अर्थ असा की, लहान शस्त्रक्रियेची अपेक्षा ठेवून आत गेलेली स्त्री काखेत नळी घेऊन जागी होऊ शकते. उलटही घडते : तातडीच्या तपासणीत आजार दिसत नाही, पण आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या अंतिम अहवालात बारीक अवशेष सापडतो, आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेचा किंवा रेडिएशनचा प्रश्न नव्याने उभा राहतो.

म्हणून सही करण्यापूर्वी सर्जनांना स्पष्ट विचारावे : तातडीची तपासणी होणार आहे का, तीत आजार निघाला तर तुम्ही काय कराल, रंगाने एक-दोनच ग्रंथी सापडल्या तर काय कराल, आणि अंतिम अहवाल वेगळा आला तर काय? हे प्रश्न मुलाने किंवा यजमानांनी बाहेरच्या खोलीत विचारून भागत नाही. आईला कळले तर ती खचेल या मायेपोटी तिला ‘छोटीशी गाठ काढायची आहे’ एवढेच सांगितले जाते. पण बधिर दंड आणि काखेतली नळी घेऊन तीच जागी होणार असते, आणि पुढे त्या हाताचा व्यायाम तिलाच रोज करायचा असतो. संमतिपत्रावरचे बोलणे तिच्यासमोर, तिच्या भाषेत आणि ती विचारील त्या प्रत्येक शंकेचे उत्तर मिळेपर्यंत व्हावे, एवढा वेळ सर्जनांकडे मागून घ्यावा.